युद्धपटांतील नैतिक निवड आणि एका जिवाचे मोल : तीन चित्रपटांच्या आधारे

१

युद्धाची भाषा ही प्रामुख्याने संख्येची भाषा असते. मृत, जखमी, बेपत्ता, युद्धकैदी अशा रकान्यांतून माणसाची नोंद होते आणि त्या नोंदीत त्याचे नाव, गाव, स्वभाव यांना स्थान नसते. उलट कथात्म वाङ्मय आणि त्याच्याशी निकटचे नाते असलेला कथाचित्रपट यांना संख्येचे वावडे असते. पडद्यावर हजारो सैनिक दाखविता येतात, परंतु प्रेक्षकाचे मन गुंतते ते एखाद्याच चेहऱ्यात. त्यामुळे चांगल्या युद्धपटाच्या गाभ्याशी एक ताण कायम असतो. ज्या व्यवहारात माणूस हा आकडा असतो, त्या व्यवहाराचे चित्रण आकडा हा माणूस असतो या श्रद्धेवर उभ्या असलेल्या कलेला करावे लागते.

या ताणातून निर्माण होणारा प्रश्न सामान्यतः असा मांडला जातो : एका जिवासाठी किती जीव धोक्यात घालावेत, किंवा अनेकांसाठी एकाचा बळी द्यावा काय? युद्धपटांविषयीची पुष्कळशी चर्चा याच वळणाने जाते. ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७), लारिसा शेपितको यांचा ‘द असेंट’ (१९७७) आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) हे तीन चित्रपट विचारात घेतले आहेत. पहिल्याची पार्श्वभूमी पहिल्या महायुद्धातील फ्रेंच आघाडीची, दुसऱ्याची जर्मन ताब्यातील बेलारूसची आणि तिसऱ्याची १९४४ च्या नॉर्मंडीची आहे. तीन कालखंड आणि तीन भिन्न कलादृष्टी असूनही तिन्ही चित्रपट एकाच प्रश्नाभोवती फिरतात.

भारतीय परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वात दुर्योधनाच्या जन्मसमयी अपशकुन होतात, तेव्हा विदुर धृतराष्ट्राला त्या मुलाचा त्याग करण्यास सांगतो आणि त्यासाठी त्यागाची एक चढती श्रेणी मांडतो : कुळासाठी एकाचा, गावासाठी कुळाचा, देशासाठी गावाचा. येथवर हिशेब सरळ आहे. थोड्यांपेक्षा पुष्कळांचे मोल अधिक. परंतु अखेरच्या पायरीवर आत्म्यासाठी अवघ्या पृथ्वीचाही त्याग करावा असे तो म्हणतो आणि हिशेब उलटा होतो. याच पर्वातील एकचक्रा नगरीच्या कथेत बकासुराकडे माणूस पाठविण्याची पाळी एका ब्राह्मण कुटुंबावर येते. तेथे कोणाला पाठवावे असा वाद होत नाही. पती, पत्नी, कन्या यांपैकी प्रत्येकजण मीच जातो, असे म्हणतो. लहानगा मुलगाही हातात गवताची काडी घेऊन राक्षसाला मारावयास निघतो. विदुराच्या श्रेणीत दुसऱ्याचा जीव देण्याचा विचार आहे, तर एकचक्रेच्या कथेत स्वतःचा जीव देण्याचा.

‘प्राण देणे’ आणि ‘बळी देणे’ या दोन मराठी प्रयोगांत हाच भेद आहे. क्रियापद एकच असले, तरी पहिल्यात देणारा आणि दिला जाणारा एक असतो, दुसऱ्यात ते वेगळे असतात. युद्धातील नैतिक निवडीचा कस किती जीव गेले यात लागत नाही. ‘देणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण, आणि जो मागे उरला त्याने पुढे काय वाहिले, यात तो लागतो. हे सूत्र तिन्ही चित्रपटांना लावून पाहता येते.

२

‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ हा चित्रपट हम्फ्री कॉब यांच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कॉब यांनी स्वतः पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात काम केले होते. कादंबरीमागे एक सत्य घटना आहे. मार्च १९१५ मध्ये सुएँ या गावाजवळ हल्ल्यासाठी खंदकाबाहेर पडण्यास नकार दिल्याबद्दल फ्रेंच सैन्यातील ४ कॉर्पोरलना गोळ्या घालण्यात आल्या. कुटुंबीयांच्या दीर्घ लढ्यानंतर १९३४ साली त्यांना निर्दोष ठरविण्यात आले आणि विधवांना प्रतीकात्मक भरपाई म्हणून एक फ्रँक देण्यात आला. एका जिवाचे मोल हा शब्दप्रयोग येथे केवळ अलंकार राहत नाही; शासनाने त्याला प्रत्यक्ष नाण्याचे रूप दिले.

चित्रपटात ‘अँट हिल’ नावाची टेकडी जिंकण्याचा अशक्यप्राय आदेश दिला जातो. जनरल मिरो प्रथम तो अशक्य मानतो, पण बढतीची शक्यता सूचित होताच त्याचे मत पालटते. हल्ला फसतो. एक तुकडी खंदकातून बाहेर पडू शकत नाही, तेव्हा आपल्याच खंदकांवर तोफा डागण्याचा हुकूम मिरो देतो. तोफखान्याचा अधिकारी मात्र लेखी आदेशाशिवाय तो पाळण्यास नकार देतो. या प्रसंगाला फारसे महत्त्व दिले जात नाही, परंतु चित्रपटातील एकमेव यशस्वी नैतिक निवड हीच आहे. ती कोणत्याही आवेशाने केलेली नाही. हुकूम कागदावर नावानिशी उतरवा, एवढीच तिची मागणी आहे आणि नाव द्यावे लागताच हुकूम गळून पडतो.

त्यानंतरचा प्रासादातील प्रसंग हा चित्रपटाचा वैचारिक मध्य होय. भित्रेपणाबद्दल किती जणांना शिक्षा करावी याची घासाघीस सुरू होते. मोठ्या आकड्यापासून निघालेली बोली अखेर प्रत्येक तुकडीमागे एक, म्हणजे एकूण ३ या आकड्यावर स्थिरावते. बाजारातील सौदा आणि हा सौदा यांत स्वरूपाचा फरक उरत नाही. ही घासाघीस चालू असताना कर्नल डॅक्स, एकच माणूस पुरेसा असेल तर मला घ्या, अशी तयारी दाखवितो. जबाबदारी अधिकाऱ्याची असेल तर शिक्षाही त्याचीच असावी, हा त्याचा युक्तिवाद ‘बळी देणे’ या प्रयोगाचे रूपांतर ‘प्राण देणे’ यात करू पाहतो. तो अमान्य होतो, कारण व्यवस्थेला अपराधी नको असतो, उदाहरण हवे असते. आणि उदाहरण म्हणून कोणीही चालतो.

‘कोणीही चालतो’ या तत्त्वाचा अर्थ तीन निवडींतून उलगडतो. कॉर्पोरल पॅरिसला त्याचा अधिकारी निवडतो, कारण त्या अधिकाऱ्याच्या भ्याडपणाचा तो साक्षीदार आहे. आर्नो चिठ्ठीने निवडला जातो, आणि तो तर शूर म्हणून गौरविलेला आहे. फेरोलला तो समाजाला नकोसा आहे म्हणून निवडले जाते. सूड, दैव आणि तिटकारा या तीन मार्गांनी न्यायाची जागा भरली जाते. सुनावणी होते त्या दालनाची फरशी बुद्धिबळाच्या पटासारखी काळ्यापांढऱ्या चौकटींची आहे. खंदकांतून पुढे सरकणारा कॅमेरा आणि या दालनातील कोरडी भौमितिक मांडणी यांच्या विरोधातून, आज्ञा देणाऱ्यांचे जग आणि मरणाऱ्यांचे जग किती वेगळे आहे हे शब्दाविना स्पष्ट होते.

मरणापूर्वीच्या रात्रीचा एक क्षण येथे विशेष महत्त्वाचा आहे. कोठडीतील झुरळ पाहून पॅरिस म्हणतो, की उद्या आपण नसू पण हे झुरळ असेल, आणि बायकोमुलांशी आपल्यापेक्षा त्याचाच संबंध अधिक राहील. फेरोल शांतपणे झुरळ चिरडतो आणि आता पारडे तुझ्या बाजूने झुकले, अशा अर्थाचे बोलतो. हा विनोद नव्हे. जिवांची तुलना करण्याचा जो व्यवहार वर प्रासादात प्रतिष्ठेने चालतो, त्याचेच हे कोठडीतील विडंबन आहे. झुरळाच्या तुलनेत मोजला जाण्याची वेळ आली, की मोजण्याची क्रियाच हास्यास्पद ठरते.

डॅक्स कोणालाही वाचवू शकत नाही. मिरोचे पद त्याला देऊ केले जाते, कारण त्याने हा खटाटोप पदासाठीच केला असावा असे वरिष्ठांना प्रामाणिकपणे वाटते. अखेरीस एका खाणावळीत पकडून आणलेली जर्मन तरुणी गाऊ लागते. आरंभी तिची टिंगल करणारे सैनिक तिच्याबरोबर गुणगुणतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. हे दृश्य कॉब यांच्या कादंबरीत नाही. ती मृत्युदंडापाशी थांबते. चित्रपट मात्र उरलेल्यांकडे वळतो. पुन्हा आघाडीवर जाण्याचा हुकूम आला आहे, हे डॅक्सला ठाऊक आहे. तो सैनिकांना आणखी काही मिनिटे देतो. जिवाचे मोल राखण्याची त्याची सारी शक्ती आता त्या मिनिटांएवढी उरली आहे. हा चित्रपट फ्रान्समध्ये १९७५ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही, यावरून त्याने कोणत्या वर्मावर बोट ठेवले होते याची कल्पना येते.

३

‘पाथ्स ऑफ ग्लोरी’मध्ये निवड दुसऱ्यांसाठी केली जाते. ‘द असेंट’मध्ये ती प्रत्येकाला स्वतःपुरती करावी लागते, आणि म्हणून ती अधिक अवघड आहे. हा चित्रपट बेलारूसचे लेखक वासिल बिकोव यांच्या ‘सोत्निकोव’ (१९७०) या लघुकादंबरीवर आधारित असून त्याला १९७७ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बिकोव यांनी स्वतः दुसऱ्या महायुद्धात भाग घेतला होता. शौर्यगाथांच्या सोव्हिएत साच्यापासून दूर राहून एकट्या पडलेल्या माणसाच्या निवडीवर लक्ष केंद्रित करणे, हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य होय.

कथानक साधे आहे. कडाक्याच्या हिवाळ्यात सोत्निकोव आणि रिबाक हे दोन गनिमी सैनिक अन्नाच्या शोधात निघतात. सोत्निकोव आजारी आहे. पुढे त्याच्या पायाला गोळी लागते. रिबाक त्याला सोडून जाऊ शकला असता, पण तो परत फिरतो आणि बर्फातून त्याला ओढत नेतो. हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे हाच रिबाक फितूर होतो. शेपितको यांनी त्याला जन्मजात भेकड म्हणून रंगविलेले नाही. तो धडधाकट, व्यवहारी, मित्रासाठी धोका पत्करणारा आहे. त्याचे एकच तत्त्व आहे : जिवंत राहिले तर काहीतरी करता येईल. रणांगणावर हे तत्त्व गुण ठरते, कैदेत तेच त्याला गिळते.

दोघे एका झोपडीत लपतात. तेथील डेमचिखा ही तीन मुलांची आई आहे. सोत्निकोवच्या खोकल्यामुळे ते पकडले जातात आणि डेमचिखाही पकडली जाते. चित्रपटाच्या नैतिक विचाराची खोली येथे जाणवते. ज्याचे वर्तन पुढे निष्कलंक ठरणार आहे, त्याच्यामुळेच एका निरपराध स्त्रीची मुले पोरकी होणार आहेत. सोत्निकोवला याची जाणीव आहे आणि ती त्याच्या छातीवर दिलेल्या डागापेक्षा अधिक पोळते. निष्कलंक माणसाच्या हातूनही दुसऱ्याचा जीव खर्ची पडतो, हे युद्धाचे सत्य चित्रपट लपवीत नाही.

तपासात सोत्निकोव काही सांगत नाही. रिबाक सांगू लागतो. प्रत्येक पायरीवर त्याच्यापाशी कारण असते : वेळ काढायचा आहे, संधी मिळताच निसटायचे आहे. पोलिसांत सामील होणे हेही त्याला निसटण्याचाच मार्ग वाटते. अखेरच्या सकाळी सोत्निकोव सारा दोष स्वतःवर घेऊ पाहतो. इतरांना सोडावे अशी त्याची मागणी आहे. ती फेटाळली जाते. वृद्ध गावप्रमुख, डेमचिखा आणि एक ज्यू मुलगी यांच्यासह त्याला फासावर जावे लागते.

उपयुक्ततेच्या कसोटीवर सोत्निकोवच्या प्राणार्पणाने काय साधले? कोणी वाचले नाही, युद्धाची दिशा बदलली नाही. पण फाशीच्या चौथऱ्याजवळच्या गर्दीत एक लहान मुलगा आहे. सोत्निकोवची नजर त्याच्या नजरेला भिडते. मुलाचे डोळे पाणावतात, सोत्निकोवच्या चेहऱ्यावर मंद स्मित उमटते. चेहरे इतक्या जवळून आणि इतका वेळ दाखविण्याचे धाडस फार थोड्या युद्धपटांनी केले आहे. ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचा संकेत येथे उघड आहे आणि काहींना तो अतिरिक्त वाटणे शक्य आहे. तथापि त्या संकेताचे कार्य सोत्निकोवला देवत्व देणे हे नसून त्या मुलाला साक्षीदार करणे हे आहे. एका जिवाचे मोल येथे दुसऱ्याच्या डोळ्यांत साठविले जाते.

चित्रपट मात्र येथे संपत नाही. रिबाक जिवंत आहे. गावकऱ्यांच्या नजरा त्याला टोचतात. पोलिसांच्या आवारातील शौचकुपात तो स्वतःच्या पट्ट्याने गळफास घेऊ पाहतो, पण तेही साधत नाही. बिकोव यांच्या मूळ कथेत तर त्याचा पट्टाच आधी काढून घेतलेला असतो. तपशील वेगळा, आशय तोच : ज्या जिवासाठी सर्व दिले, तो जीव देण्याचा अधिकारही आता त्याच्यापाशी नाही. समोर फाटक उघडे आहे, पलीकडे बर्फाच्छादित प्रदेश आहे आणि जाण्यासारखी जागा कोठेच नाही. ‘प्राण वाचणे’ आणि ‘जगणे’ यांतील अंतर याहून तीव्रपणे दाखविणे कठीण आहे. विदुराच्या श्रेणीतील अखेरची पायरी, तिचा एक अर्थ घेतला तर, येथे प्रत्ययास येते : जो ‘आत्मा’ राखावयाचा तो नुसता देह नव्हे, हे रिबाकला फार उशिरा उमगते.

४

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये मूळ हिशेबच उलटा आहे. येथे एकासाठी अनेकांना धोक्यात घातले जाते. रायन कुटुंबातील तीन भाऊ मारले गेले असून चौथ्याला शोधून आईकडे पाठविण्याची कामगिरी कॅप्टन मिलरच्या ८ जणांच्या तुकडीवर सोपविली जाते. या कथेला नीलंड बंधूंच्या सत्य घटनेचा आधार आहे. त्यांतील एक भाऊ मृत मानला गेला होता. प्रत्यक्षात तो जपान्यांच्या कैदेत जिवंत होता. चित्रपटात जनरल मार्शल लिंकन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले १८६४ चे, श्रीमती बिक्सबी यांना लिहिलेले सांत्वनपत्र वाचून दाखवितात. पाच पुत्र गमावलेल्या मातेला उद्देशून ते पत्र आहे. पुढील संशोधनात मात्र त्यांतील दोघेच युद्धात मरण पावल्याचे आढळले. आकडा चुकला तरी शोक खोटा ठरत नाही, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे.

या चित्रपटाचे खरे बळ त्याच्या विख्यात आरंभीच्या समरप्रसंगापेक्षा नाव आणि संख्या यांच्या झगड्यात आहे. सांत्वनपत्रे टंकलिखित करणाऱ्या कार्यालयात एका कर्मचारी स्त्रीच्या ध्यानात येते, की तीन पत्रांवर आडनाव एकच आहे. तेवढ्या एका क्षणी रकान्यातून माणूस बाहेर येतो. पुढे मृत छत्रीधारी सैनिकांच्या ओळखपट्ट्यांची पिशवी उपसून त्यांत रायनचे नाव आहे का ते मिलरचे सैनिक शोधू लागतात. पत्ते खेळावेत तशा सहजतेने, थट्टा करीत ते पट्ट्या चाळतात आणि समोरून त्याच मृतांचे सोबती मूकपणे चालले आहेत. तुकडीतील वैद्यकीय सेवक वेड हा प्रकार थांबवितो. एका नावाचा शोध घेताना बाकीची नावे पुन्हा संख्या झाली, ही विसंगती या दृश्याइतकी प्रभावीपणे अन्यत्र आलेली नाही. त्याच नावाचा दुसराच रायन भेटतो, आपले भाऊ गेले म्हणून ढसढसा रडतो आणि चूक उघड झाल्यावरही त्याचे रडे थांबत नाही, हा प्रसंगही याच मालिकेतील आहे.

मिलरजवळ एक हिशेब आहे. आपल्या हाताखाली मेलेल्या प्रत्येक सैनिकामागे कितीतरी अधिक जीव वाचले, असे तो स्वतःला समजावीत आला आहे. आता एकाच माणसासाठी सैनिक गमवावे लागतात, तेव्हा हा आधार निखळतो. तो रायनच्या योग्यतेची भाषा बोलू लागतो : या मुलाने घरी जाऊन एखाद्या रोगावर औषध शोधावे किंवा निदान जास्त टिकणारा विजेचा दिवा तरी बनवावा. युद्धापूर्वी मिलर शिक्षक होता, सोत्निकोवही शिक्षकच. परंतु सोत्निकोव मोल विचारीत नाही. मिलरला ते विचारल्याशिवाय राहवत नाही.

रायन प्रत्यक्षात सापडतो तेव्हा परत जाण्यास नकार देतो, कारण सोबत लढणारे हेच आता त्याचे उरलेले भाऊ आहेत. दुसऱ्यांनी त्याच्या जिवाविषयी जे ठरविले होते, त्यात येथे तो स्वतः कर्ता होतो. चित्रपटातील ही सर्वांत स्वच्छ निवड होय. पण त्यानंतरच्या लढाईअखेर ८ पैकी ६ जणांचा अंत झालेला असतो आणि मरताना मिलर रायनला सांगतो, की हे सार्थ करून दाखव. येथे चित्रपट अडखळतो. जो हिशेब त्याने इतका वेळ प्रश्नांकित केला, तोच तो कर्जाच्या रूपाने वाचलेल्याच्या खांद्यावर ठेवतो. सहा जिवांची परतफेड एका आयुष्याने कशी व्हावी? वृद्ध रायन कबरीपाशी उभा राहून, मी चांगला माणूस आहे असे सांग, अशी पत्नीला विनवणी करतो. ते दृश्य भावविवश आहे, अशी टीका करता येईल आणि ती सर्वस्वी अन्याय्य नाही. पण त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर समाधान नाही, भीती आहे. दिग्दर्शकाला अभिप्रेत असो वा नसो, फेडता न येणारे ऋण माणसाला आयुष्यभर कसे वाकविते, हे त्या चेहऱ्यावर उमटले आहे.

सोडून दिलेला जर्मन कैदी परत येऊन मिलरवरच गोळी झाडतो, या कथाभागाविषयीही असेच म्हणता येईल. दया ही चूक होती, असा सोपा अर्थ प्रेक्षक घेतो. परंतु ज्या अपहमने त्या कैद्याची बाजू घेतली होती तोच अखेरीस, कैदी हात वर करून उभा असताना, त्याला ठार मारतो. त्यात विजयाचा लवलेश नाही. दयेचे मोल परिणामावरून ठरवावयाचे असेल, तर ती दया राहत नाही, गुंतवणूक होते.

५

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की एकाविरुद्ध अनेक ही मांडणी आज्ञा देणाऱ्यांच्या सोयीची आहे. प्रासादातील घासाघीस असो वा मिलरचा खाजगी हिशेब असो, संख्या पुढे आली की निवडणारा आपल्या निवडीतून अंग काढून घेऊ शकतो. नाव पुढे आले की ते शक्य होत नाही. लेखी हुकूम मागणारा अधिकारी आणि एकच आडनाव ओळखणारी कर्मचारी स्त्री ही याची उदाहरणे होत.

दुसरा निष्कर्ष असा, की डॅक्स, सोत्निकोव आणि रायन हे तिघे, एकचक्रेतील कुटुंबाप्रमाणे, आपल्या जिवाविषयी स्वतः कर्ता होऊ पाहतात. तिघांपैकी कोणाच्याही निवडीने अपेक्षित फळ दिलेले नाही. मूल्य आणि फळ यांची फारकत सोसण्याची तयारी हाच नैतिक निवडीचा पाया आहे, असे त्यावरून म्हणावे लागते.

तिसरा निष्कर्ष उरलेल्यांविषयीचा आहे. डॅक्सपाशी काही मिनिटे उरतात, रिबाकपाशी उघडे फाटक, रायनपाशी न फिटणारे ऋण. यांपैकी शेपितको यांची मांडणी सर्वांत निर्भय वाटते, कारण ती वाचलेल्याला ना क्षमा देते, ना परतफेडीची आशा. ती दोन साक्षीदार समोर ठेवते : एक रडणारा मुलगा आणि दुसरा मरू न शकणारा माणूस. गेलेल्या एका जिवाचे मोल काय, याचे उत्तर या दोघांनाच आयुष्यभर द्यावयाचे आहे. युद्ध संपल्यावर रकाने बंद होतात, ही जबाबदारी मात्र चालूच राहते.